शंभर मात्रांची कुपी : कोंबड्यांच्या काकांना एक उघड आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, पैशांचे नाव काढले तर पुन्हा बोलावू नका असे बजावता, आणि तुम्ही माळकरी असल्यामुळे घरच्या ताज्या अंड्यांचा वानवळाही तुमच्या घरी पाठवता येत नाही. कोंबड्या पाळणाऱ्या घरापाशी याखेरीज देण्यासारखे फारसे काही नसते, म्हणून हे पत्र. ते उघड लिहिण्याचे कारण असे की पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत धायरीपासून किरकटवाडीपर्यंत अंगणात चार-सहा कोंबड्या बाळगणारी जी घरे अजून टिकून आहेत, त्यांतील बहुतेकांना तुमचा हात लागलेला आहे. आणि ज्यांना तो लागलेला नाही, त्यांना निदान तुम्ही आम्हाला सांगितलेल्या गोष्टी तरी कळाव्यात.

सर्वांत आधी लशीविषयी लिहिते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग एकदा खुराड्यात शिरला की त्यावर औषध नाही. पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालायचा, चौथ्या आठवड्याच्या आसपास तो पुन्हा द्यायचा आणि पुढे मोठ्या वयाची लस टोचून घ्यायची, एवढे कोणीही सांगू शकते. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. लशीची कुपी पोल्ट्रीवाल्यांचा हिशेब धरून भरलेली असते. लहानातली लहान कुपी घेतली तरी तीत शंभर-दोनशे मात्रा असतात. ती बर्फातून आणावी लागते, दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या बाहेर गेली की तिचा भरवसा राहत नाही, आणि एकदा द्रावणात कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी उरलेली सगळी लस मोरीत ओतायची हे कोणाच्याही जिवावर येते, म्हणून घरगुती पाळणारे लसच देत नाहीत, आणि मग एखाद्या वर्षी सगळे खुराडे रिकामे होते.

यावर तुम्ही काढलेला मार्ग मला अजूनही थक्क करतो, कारण तो अगदी साधा आहे आणि तरीही तो दुसऱ्या कोणी काढला नव्हता. पशुसंवर्धन खात्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर तुम्ही परिसरातील घरे हेरली, कोणाकडे किती पक्षी आहेत आणि त्यांचे वय काय आहे याची एक वही केली, आणि एका कुपीत बसतील एवढी घरे एका सकाळी घ्यायची असा पायंडा पाडला. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात कुपी आणि स्कूटरच्या हँडलला थर्मास अशी ती फेरी निघते. तुम्ही पोहोचण्याआधी कोंबड्या डालग्याखाली झाकलेल्या असायला हव्यात, हा तुमचा एकमेव हट्ट. त्या कोणाकडे अंगणभर पळत असल्या तर तुम्ही रागावत नाही, फक्त घड्याळाकडे पाहता, आणि तेवढे पुरते. एका घरचा रोग दुसऱ्या घरी आपल्याच पायांनी जाऊ नये म्हणून प्रत्येक फाटकाशी तुम्ही चप्पल काढून त्या घरची चप्पल घालता, हात साबणाने धुता, आणि जिथे एखादा पक्षी शिंकत आहे असे कळते ते घर त्या दिवशी वगळता. कोंबडी काखेत धरून, एक नाकपुडी बोटाने बंद करून, दुसऱ्या नाकपुडीवर ठेवलेला थेंब ती आत ओढून घेईपर्यंत तुम्ही जे थांबता, ते पाहून आमच्या धाकट्याने शाळेच्या निबंधात ‘मोठेपणी मी थेंब देणारा होणार’ असे लिहिले आहे. बाईंना ते पोलिओचे वाटले असावे. त्यांनी पूर्ण गुण दिले.

आमची कोंबडी ठकी मरगळून बसली होती तेव्हा एका दुकानदाराने प्रतिजैविकाची पूड हातावर ठेवली होती. तुम्ही ती पुडी न उघडता बाजूला सारली आणि रात्री ती ज्या दांडीवर बसते त्या दांडीखालची विष्ठा दाखवा म्हणालात. घट्ट आणि वर पांढरी टोपी असलेली विष्ठा चांगली, कारण ती पांढरी टोपी म्हणजेच पक्ष्याची लघवी. दर आठ-दहा वेळांमागे एकदा पडणारी तपकिरी, चिकट आणि उग्र वासाची विष्ठा आंधळ्या आतड्यांतून येते आणि तिला घाबरायचे नाही. रक्त दिसले तर मात्र रक्ती हगवणीची शंका घ्यायची आणि वेळ न घालवता पशुवैद्याला गाठायचे. हे सगळे तुम्ही उकिडवे बसून, काडीने दाखवत, एखाद्या सोनाराने दागिना पारखावा तितक्या गांभीर्याने सांगितलेत. मग माझा हात धरून ठकीच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीवर ठेवलात. संध्याकाळी ती भरलेली असावी आणि सकाळी दाणा टाकण्यापूर्वी रिकामी असावी. ठकीची सकाळीसुद्धा लिंबाएवढी घट्ट लागत होती, कारण अंगणातील गवत कापल्यावर पडलेल्या लांब काड्या तिने गिळल्या होत्या आणि त्यांचा आत गुंता झाला होता. दिवसभर दाणा बंद, पाणी सुरू आणि मधूनमधून हलक्या हाताने चोळणे, एवढ्यावर ती मोकळी झाली. ती पूड दिली असती तर गुंता सुटला नसताच, शिवाय औषधाचा अंश अंड्यांतून आमच्याच पोटात आला असता. तेव्हापासून सकाळी खुराड्याचे दार उघडताना आधी दांडीखाली नजर जाते आणि मगच दाण्याचा डबा उघडतो.

मुलांच्या तक्रारीही तुम्ही तितक्याच निगुतीने ऐकल्यात. तांबडी आठवड्यातून एखाद्या दिवशी खाडा करते आणि अंडे घालण्याची तिची वेळ रोज पुढे सरकते, ही ती तक्रार होती. एक अंडे तयार व्हायला साधारण चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यांतील वीसेक तास केवळ कवच चढण्यात जातात, त्यामुळे वेळ रोज थोडी पुढे ढकलली जाते आणि दुपार कलली की कोंबडी एक दिवस सोडून देऊन पुन्हा सकाळपासून सुरुवात करते, हा हिशेब तुम्ही त्यांच्याकडून दिनदर्शिकेवर मांडून घेतलात. डिसेंबरात अंडी घटली तेव्हा मी खुराड्यात दिवा लावण्याची परवानगी मागितली होती. कोंबडीला भरात अंडी घालायला चौदा ते सोळा तास उजेड लागतो आणि पुण्यात त्या दिवसांत तो जेमतेम अकरा तास असतो, एवढे सांगून तुम्ही विचारलेत की आम्हाला अंडी विकायची आहेत का. विकायची नव्हती. मग त्यांना पिसे झाडून नवी आणायला उसंत द्या, म्हणालात. भुरीची मान त्या महिन्यात उघडी पडली होती आणि तिला पाहून येणारेजाणारे हळहळत होते. फेब्रुवारीत तिला पाहायला कोणी आले नाही, ही गोष्ट वेगळी.

उन्हाळ्याचे तुम्ही सांगितले नसते तर मला सुचलेच नसते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे गेला की आमच्याकडे पातळ कवचाची अंडी येत, आणि मी शिंपल्यांचा चुरा वाढवीत असे. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि उष्णता बाहेर घालवते; पण धापांबरोबर रक्तातील कर्बवायूही (कार्बन डायऑक्साइड) प्रमाणाबाहेर निघून जातो, आणि कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचे बनते त्यातील कार्बोनेट त्याच वायूतून घडत असल्यामुळे वाटी भरून शिंपले ठेवले तरी कवच पातळच राहते. त्यामुळे चुरा वेगळ्या वाटीत असू द्यावा, जिला हवा ती खाईल. खरा उपाय म्हणजे सावली, छपरावर ओले गोणपाट, मातीच्या परळात वारंवार बदललेले गार पाणी, आणि दाणा भर दुपारी न टाकता पहाटे व सूर्य कलल्यावर टाकणे. चांदणी खुडूक बसली तेव्हाचा तुमचा सल्लाही असाच सौम्य होता: पाण्यात बुचकळायचे नाही, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात खालून वारा लागेल असे दोन-चार दिवस ठेवायचे, दाणापाणी मात्र द्यायचे.

पावसाळ्यात वासावरून कुरबुर सुरू झाली तेव्हा तुम्ही खुराड्यातील भाताचे तूस मुठीत घेऊन दाबलेत आणि मूठ उघडलीत. गोळा तसाच राहिला. तो हात उघडताच भुरभुरून मोकळा व्हायला हवा, म्हणजे गादीतील ओल योग्य आहे. गोळा राहिला की अमोनियाचा वास येणार आणि रक्ती हगवणीलाही आमंत्रण मिळणार. पाण्याचे भांडे विटेवर उचलून ठेवणे, पन्हाळीची धार वळवणे, गादी दाताळ्याने रोज वरखाली करणे आणि ओलसर कोपऱ्यात थोडा चुना भुरभुरणे, याने आठवड्याभरात वास गेला. कोंबडा मात्र गेला तो वासापायी नव्हे, आरवण्यापायी. जत्रेतून मुलांनी आणलेले गुलाबी रंगाचे पिल्लू बहुतेक वेळा नर निघते, कारण अंड्यांच्या जातींतील नर पिल्ले उबवणी केंद्रांना नकोशी असतात आणि तीच रंगवून विकली जातात, हे आम्हाला पहाटे चार वाजता कळू लागले. त्याला तुम्ही राजगड तालुक्यात तुमच्या मेहुण्यांच्या वाड्यात जागा मिळवून दिलीत, त्याबद्दल समोरच्या आजोबांचे आभार स्वतंत्रपणे कळवते.

२०२५ च्या जानेवारीतील तुमची मदत या सगळ्याहून मोठी आहे. सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयन-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले, रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडल्याची बातमी आली, हा जिवाणू कोंबड्यांत असतो असे दुसऱ्या दिवशी सर्वांना ठाऊक झाले, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीतील मंडळी आमच्या फाटकाशी उभी राहिली. भीती खोटी नव्हती. ओळखीपाळखीतले लोक रुग्णालयांत होते. तुम्ही आलात आणि ‘आपल्या कोंबड्या स्वच्छ आहेत’ असे काहीही म्हणाला नाहीत. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही हा जिवाणू असू शकतो आणि तिला त्याचा काही त्रास होत नाही, हे तुम्ही आधी मान्य केलेत. मला त्या क्षणी ते फार आवडले नव्हते, पण त्यामुळेच पुढचे सर्वांनी ऐकून घेतले. पिण्याचे पाणी उकळून घेणे, मांस व अंडी पूर्ण शिजवणे, कच्चे चिकन ज्या पाटावर कापले त्यावर काकडी न कापणे, हे कोंबड्या पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या दोघांनाही सारखेच लागू आहे, असे तुम्ही सांगितलेत.

आणि मग आमच्याकडे वळून, सर्वांदेखत, आमच्यासाठी वेगळे नियम घातलेत. खुराड्याची चप्पल खुराड्यापाशीच राहील. कोंबड्यांची भांडी स्वयंपाकघरातील सिंकमध्ये येणार नाहीत, त्यांना बाहेरचा नळ. हात लावला की साबण, मग ते मूल असो वा पाहुणा. कोंबडीला गालाशी धरायचे नाही, पाच वर्षांखालील मुलांनी तर मुळीच नाही. मळलेले अंडे कोरड्या फडक्याने पुसायचे, धुऊन साठवायचे नाही, कारण कवचावरील नैसर्गिक लेप गेला की जिवाणूंना आत वाट मिळते. तडकलेले अंडे टाकून द्यायचे. हे नियम तुमच्या अक्षरात फाटकाच्या आतल्या बाजूला अजून चिकटवलेले आहेत. तक्रार पुरती मिटली असे मी म्हणणार नाही, दोन घरे अजून आमच्या बाजूच्या खिडक्या लावून घेतात. परंतु कोंबड्या हलवा असे त्यानंतर कोणी म्हणाले नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ताई कोथिंबिरीच्या काड्या आणि पालकाची देठे वरून दोरीला बांधलेल्या पिशवीतून सोडतात.

आता मुद्द्याचे. तुम्ही आमच्याकडून घेतलेली एकमेव वस्तू म्हणजे खत, आणि तेही ताजे नको, त्याने मुळे करपतात, कुजवून मुरवलेले द्या, अशी अट घालून. खुराड्यातून काढलेले तूस आणि विष्ठा पाचोळ्याबरोबर खड्ड्यात कुजत होती. आता तिला मातीचा वास येतो आणि हात घातला तर ती गार लागते. दोन पोती चाळून बांधली आहेत. आषाढीच्या वारीसाठी तुम्ही आळंदीला निघण्याआधी ती तुमच्या गच्चीवरच्या कढीपत्त्यासाठी आणि तुळशीसाठी पोहोचवीन. स्कूटरवरून न्यायला तुम्ही येऊ नये, थोरला घेऊन येईल. लशीच्या पुढच्या फेरीच्या वेळी कोंबड्या डालग्याखाली असतील, आणि नऱ्ह्याच्या एका नव्या घराचे नाव वहीत घालावे ही विनंती. त्यांच्याकडे गिरिराज जातीच्या तीन कोंबड्या आहेत आणि लस अजून एकदाही झालेली नाही.

आपली नम्र,
मागच्या गल्लीतील शेजारीण