आईच्या फोनचे कुलूप : दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागातला. कुठे कुठल्या कंपनीची रेंज येते हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असते. खानापूरच्या बाजारात एकीची, आमच्या पडवीत दुसरीचीच.

माझी आई बचत गटाची खजिनदार. तिने एका कंपनीचा स्वस्त फोन घेतला. घरी रेंज मिळेना म्हणून नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला, तर फोन नवे सिम घेईना. तो त्या कंपनीच्याच सिमला बांधलेला निघाला, आणि ॲप स्टोअरही तिचेच. गटाच्या बँकेचे ॲप त्यात नव्हते. दुकानदाराने आधी काही सांगितले नव्हते. माझ्या फोनवर ॲप टाकून द्यावे म्हटले, पण यूपीआय सुरू करायला बँकेत नोंदवलेल्या नंबरच्या सिमवरून, त्याच फोनमधून एसएमएस जावा लागतो. आईचे सिम माझ्या फोनात गेले की आई फोनाविना.

साहेब, 3 जुलै 2015 पासून देशभर कुठेही नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. खानापूरची लेक महाराष्ट्रातल्या चंदगडला नांदायला गेली, सर्कल म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग बदलला, तरी नंबर तिचाच राहतो. आम्हा सीमेवरच्या माणसांना ही केवढी सोय! 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ॲपनुसार वेगवेगळे डेटा दर लावायला बंदी घातली, तेही योग्यच झाले. पण ही समानता डेटापुरती. हातातल्या फोनमध्ये कुठले स्टोअर असावे हे अजून कंपनीच ठरवते, आणि जिथे एकाच कंपनीची रेंज आहे तिथे ग्राहकाने दुसरीकडे जायचे तरी कुठे?

ब्रिटनमध्ये डिसेंबर 2021 पासून कंपन्यांना असे कुलूपबंद फोन विकताच येत नाहीत. आपल्याकडेही पूर्ण किंमत भरलेला फोन मागताक्षणी, फुकट खुला करून मिळाला पाहिजे. तो बांधलेला आहे आणि त्यावर कुठले स्टोअर चालते, हे खोक्यावर ठळक छापा. आमच्या भागात ते कन्नडबरोबर मराठीतही हवे, कारण फोन घेणाऱ्या आमच्या आयाबायांना मराठीच वाचता येते.

दर महिन्याला गटाचे पैसे भरायला आई बसने खानापूरला जाते, त्या दिवसाची मजुरी बुडवून. या महिन्यातही ती जाऊन आली.

आपला,
जांबोटी भागातील एक ग्राहक