ब्रीदवाक्य ठरवताना

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुमच्या ग्रंथालय-तंत्रज्ञान मंडळाच्या ब्रीदवाक्याचा मसुदा वाचला. ‘मराठवाड्यातल्या ग्रंथालयांचे प्रोग्रॅमर’ ही ओळ सुटसुटीत आहे, पण तुमच्यातली कितीतरी माणसं तिच्यात बसत नाहीत. कॅटलॉगिंग करणारी, बारकोड चिकटवणारी, निजामकाळातली उर्दू अन् मोडी दप्तरं स्कॅन करणारी. कोहा या ग्रंथालयाच्या संगणक-प्रणालीत नोंदी भरतात ती हीच माणसं.

कोडफॉरलिब या ग्रंथालयांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या २००३ पासूनच्या गटाचं जुनं वाक्य ‘ग्रंथालयांसाठी कोडर, कोडरांसाठी ग्रंथालये’ असं होतं. आता ते स्वतःला ग्रंथालयं, संग्रहालयं आणि अभिलेखागारांसाठी काम करणारे डेव्हलपर व तंत्रज्ञ म्हणवतात. मांडणी बरी, पण लांब. शिक्क्यावर मावायची नाही. शिवाय हुद्दे मोजायला बसलं की एखादा सुटतोच. ‘सर्वांसाठी’ लिहून भागवू नका, त्यातून काम काय ते कळत नाही. क्रियापदं धरा: ‘ग्रंथालयाचं तंत्र आम्ही घडवतो, चालवतो, शिकवतो.’ ‘आम्ही चालवतो’ बाईही म्हणते, बुवाही म्हणतो.

आता मतदान. हात वर करून घेऊ नका. नवी पोरं साहेबाकडं बघून हात वर करतात. सूचना बिननावाच्या चिठ्ठ्यांवर घ्या, त्यातून चार-पाचच ठेवा. एकालाच मत द्यायला लावलं तर सारख्या ओळी एकमेकींची मतं खातात. समज ४० मतं आहेत. तीन मिळत्याजुळत्या ओळींना १०, ८ आणि ७, आणि प्रोग्रॅमरवालीला १५. म्हणजे २५ जणांना नको असलेली ओळ जिंकली! म्हणून प्रत्येकानं १, २, ३ असा पसंतीक्रम लिहावा. सगळ्यात कमी पहिली पसंती असलेली ओळ काढायची, तिच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीला द्यायच्या. एकीला निम्म्याहून जास्त मतं पडेपर्यंत हेच.

मात्र मतदानाआधी ओळी बारकोडवाल्या पोरींना आणि उर्दू दप्तरवाल्या चाचांना वाचून दाखव. त्यांची संख्या थोडी, मतात ती हरणारच. हरकत आधीच ऐकलेली बरी.

ठरलेली ओळ युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टातली अक्षरं ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीवर, चिकटवली की भलतीच चिन्हं उमटतात, आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडरही ती तशीच वाचतो. मोबाइलवर ओळ कुठं तुटते तेही बघ. ‘आम्ही’ एकीकडं अन् ‘घडवतो’ दुसरीकडं गेलं तर वाईट दिसतं.

आईला नमस्कार सांग. चिठ्ठ्या मोजायला मंडळाबाहेरचं माणूस बसव.

तुझा धाकटा