शर्टाच्या टॅगवर आम्ही कुठे?

संपादक महोदय,

नातवाने मुंबईहून शर्ट आणला. टॅगवर हिरवं पान, 'पर्यावरणपूरक' हा शब्द आणि शिलाई कुठल्या देशात झाली तेवढं. कापड कुठं विणलं, कुठं रंगवलं, याचा पत्ता नाही. मी बत्तीस वर्षं इचलकरंजीत वहिफणी केली. बीमवरचा, म्हणजे मागाच्या ताण्याच्या रुळावरचा, एकेक धागा आधी वहीच्या तारेच्या डोळ्यातून, मग फणीच्या दातांतून ओढायचा. एका बीमला हजारो धागे, एक चुकला की कापडभर रेघ. मजुरी बीमवर. पगारी रजा आणि फंड हे शब्द मी मोर्च्यातच ऐकले. आता सुईत दोरा ओवायला नात लागते.

२४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात सावरची राणा प्लाझा इमारत कोसळून ११३४ माणसं मेली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेले होते, तरी सकाळी कामगारांना आत धाडलं. त्यानंतर परदेशी ब्रँडवाल्यांनी तिथल्या शिलाई कारखान्यांची तपासणी सुरू केली. चांगलंच झालं. पण खर्चीवाल्याच्या, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या मागवाल्याच्या, पत्र्याच्या गाळ्यात बारा तास चार-सहा माग एकट्यानं सांभाळणाऱ्या माणसाला विचारायला कुणी आलेलं मी तरी पाहिलं नाही. आणि खर्चीवाल्याला तरी किती बोल लावायचा? सूत व्यापाऱ्याचं, भाव व्यापाऱ्याचा, लाइट बिल तेवढं त्याचं.

माझी धाकटी बहीण शिरोळ तालुक्यात दिली आहे. तिथं पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला की तिचा फोन येतो, "दादा, तुमच्या गावाचं पाणी आलं बघ." मी म्हणतो, कोल्हापूरचं सांडपाणी आहे, साखर कारखान्यांची मळी आहे. ते खरंही आहे. पण प्रोसेसचं, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं, रंगाचं पाणी आमचंच, हेही खरं. तमिळनाडूत तिरुपूरला नोय्यल नदीच्या प्रदूषणापायी मद्रास उच्च न्यायालयानं २०११ मध्ये रंगाईचे कारखाने बंद पाडले. पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची सोय केली, त्यांचेच सुरू झाले. छोटे काही बुडाले, पण तिरुपूर बुडालं नाही. पंचगंगेसाठी तेवढा धाक कुणी दाखवेल का?

आणि ब्रँडवाल्यांना एक विनंती. त्या हिरव्या पानाचे म्हणून जे जास्तीचे पैसे घेता, ते कुठं जातात तेवढं टॅगवर छापा. आमच्या गल्लीत अजून पोचलेले नाहीत.

— एक निवृत्त वहिफणी कामगार, इचलकरंजी