उमेदवार कोण ठरवतो?

डे मॉइन, आयोवा

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलेल्या प्रश्नाला अर्धवट उत्तर देऊन मी विषय बदलला, हे त्यांच्या लक्षात आले असणारच. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचा, मग तो ठरवायला सरकारने निवडणूक का घ्यावी, असा तो प्रश्न होता. फोनवर ते नीट सांगता आले नसते, म्हणून लिहीत आहे.

बहुतेक राज्यांत ही निवडणूक, म्हणजे प्रायमरी, खरोखरच सरकारी यंत्रणा घेते आणि मतदानही नेहमीसारखे गुप्त असते. त्यासाठी सदस्यत्वाची पावती फाडावी लागत नाही. मतदार नोंदणीच्या अर्जावर पक्षाच्या नावापुढे खूण केली की पुरते, आणि काही राज्यांत तर तेवढेही लागत नाही. मत इच्छुकाच्या नावाने दिले जात असले, तरी त्यातून त्याच्या पदरात पडतात ते प्रतिनिधी, आणि उन्हाळ्यात पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात हे प्रतिनिधी उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात.

आमच्या आयोवात मात्र प्रायमरीऐवजी कॉकस, म्हणजे पक्षाच्या मतदारांची स्थानिक सभा, होते, आणि ते पक्ष स्वतःच भरवतो. 3 फेब्रुवारी 2020 रोजी शेजारच्या निवृत्त शिक्षिकेबरोबर मी एका शाळेच्या व्यायामशाळेत डेमोक्रॅटिक पक्षाचे कॉकस पाहायला गेले होते. मला मताचा अधिकार नसल्याने मी भिंतीलगतच्या बाकावर बसले. संध्याकाळी सातला दारे लागली आणि जमलेली माणसे आपापल्या पसंतीच्या नावाच्या फलकाखाली जाऊन उभी राहिली. आमच्या बूथवर 212 डोकी मोजली गेली. ज्या गटात 15 टक्के माणसे नसतील तो गट बाद, असा नियम असल्याने तिथे किमान 32 जण हवे होते, आणि बाईंच्या, म्हणजे एमी क्लोबुचर या इच्छुक उमेदवाराच्या, गटात 27 जण होते. मग पुढचा अर्धा तास बाई बाद झालेल्या दुसऱ्या गटातील लोकांची मनधरणी करत फिरल्या. सहा जण आले, गट वाचला, आणि बाईंनी लांबूनच मला हात केला.

आई, हे सगळे पाहताना मला तुझ्या गुडघ्यांची आठवण झाली. दोन तास थांबणे ज्यांना झेपत नाही, जे रात्रपाळीला असतात, ज्यांच्या घरी तान्हे मूल असते, त्यांनी काय करायचे, याचे पटेल असे उत्तर मला त्या रात्री कोणी दिले नाही. त्यात निकाल कळवण्यासाठी आणलेल्या नव्या मोबाइल अॅपने घोळ घातला आणि राज्याचा निकाल कित्येक दिवस लटकला. अखेर मते बर्नी सँडर्स यांना जास्त आणि राष्ट्रीय प्रतिनिधी मात्र पीट बुटिजेज यांना जास्त, असे चित्र दिसले. राज्याच्या वाट्याला 41 प्रतिनिधी होते. देशभरातले मिळून 3,979. एवढ्याशा वाट्यासाठी इच्छुक मंडळी वर्षभर इथल्या जत्रांत आणि खाणावळींत फिरतात, ते केवळ आयोवाचा क्रमांक पहिला म्हणून. पुढे 2024 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने तो मानही काढून घेतला आणि आमच्याकडे पसंती टपालाने मागवली.

नियम बदलला की निकाल कसा बदलतो, हे बाबांना विशेष रुचेल. डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. रिपब्लिकन पक्षात अनेक राज्यांत पहिला येईल तो सगळे घेऊन जातो. 2016 मध्ये फ्लोरिडात ट्रम्प यांना निम्म्याहून कमी मते पडली होती, तरी तिथले सर्व 99 प्रतिनिधी त्यांनाच मिळाले.

आणि हे सारे फार जुनेही नाही. बाबा, 1968 मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. पक्षातील वजनदार नेत्यांनी शिकागोच्या अधिवेशनात ते घडवून आणले, आणि बाहेर रस्त्यावर पोलीस निदर्शकांवर लाठ्या चालवत होते. त्यानंतर पक्षाने नियम बदलण्यासाठी समिती नेमली. तिचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न हेच 1972 मध्ये नव्या नियमांखाली उमेदवार झाले आणि पुढे 50 पैकी 49 राज्यांत हरले. जुन्या नेत्यांनी तेव्हा काय म्हटले असेल, ते बाबा तुम्हीच ओळखा! तरीही मला नवी पद्धत बरी वाटते, कारण नेते चुकले तर त्यांना जाब विचारायला कोणी नसते. अर्थात 2024 मध्ये बायडेन यांनी प्रायमऱ्या जिंकून जुलैत माघार घेतली, तेव्हा कमला हॅरिस यांची निवड प्रतिनिधींनीच केली. मतदारांना पुन्हा कोणी विचारले नाही.

त्या रात्री परतताना बाईंनी मला विचारले, की तुमच्याकडे उमेदवार कोण ठरवतो. मी त्यांना ए-बी फॉर्म, म्हणजे पक्षाने आपल्या अधिकृत उमेदवाराला द्यायचे पत्र, समजावून सांगितला, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी अडीचला फॉर्म दुसऱ्याच्याच हातात पडल्यावर बाबांचे मित्र कसे मटकन खाली बसले होते, तेही सांगितले. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाल्या, "पण मग त्या वॉर्डातल्या लोकांना कोणी विचारलेच नाही?"

बाबा, त्यांना काय सांगू, ते पुढच्या पत्रात कळवा.

तुमची,
धाकटी