नोकरी सोडू नोको

बाई,

काल रात्री तुहा मेसेज वाचला का राजीनामा देतो म्हणून, बाबूसाठी वेळच भेटत नाई. फोन केला असता तं तू मधातच कापला असता म्हणून लिहून पाठवतो.

तुही सासू म्हणते पहिलेच्या बाया घरी राहून लेकरं वाढवत. कोणत्या बाया व? आपल्याकडं तं दिवाई झाली का कापसाची वेचणी लागते, बाई सकाळीच वावरात, अन् लहानं लेकरू धुऱ्यावरच्या निंबाले झोळीत नाईतं घरी मोठ्या पोरीच्या कडेवर, अन् त्या पोरीची शाळा सीजनभर बुडे. अंगणवाडीत मी तेच पाहिलं, तिसरी-चौथीतल्या पोरी भावाले सोडायले येत अन् दारातच बसून राहत. माय तवाही कामालेच होती, भरपाई पोरीनं केली. तुह्या घरी अशी मोठी पोरगी नाई हे बरंच हाय, मंग ते काम कंपनीनं अन् बापानं करावं ना.

2017 पासून कायदा हाय, 50 नाईतं त्याहून जास्त माणसं असतीन तिथं पाळणाघर लागते, मायले दिवसातून 4 डाव जाऊन लेकरू पाहता येते. तू कधी विचारलं का ऑफिसात? तोंडी नोको विचारू, मेल कर.

सकाळची आंघोळ, नाश्ता, सोडून देणं जवाईबापूकडं दे, रोजचं. सुरुवातीले शर्ट उलटा घालतीन पोराले, घालू दे. तू मधात पडू नोको, तुही तेच खोड हाय.

अन् जेवताना मोबाईल बंद. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मधी सांगतलं का वर्षाच्या आतल्या लेकराले स्क्रीन नाईच, दोन ते चार वर्षाच्याले दिवसाले तासाच्या वर नाई, कमी तितकं बरं. बाबू अडीच वर्षाचा, तुह्याच व्हिडिओत वरणभात खाताना समोर कार्टून चालू होतं. दोन घास कमी खाईन, काई होत नाई.

संध्याकाळी नऊ वाजणार असतीन तं त्याले सकाळीच सांग का तू झोपल्यावर येतो, खोटं सात नोको सांगू. अंगणवाडीतली लेकरं दिवसभर मायबिगर मजेत राहत, पण 'आत्ता येतो' म्हणून गेलेली माय आली नाई का मंग कोणाचं आयकत नसत.

मी आता रिटायर, रिकामीच हाय. वेचणी सरली का येतो, महाराष्ट्र एक्सप्रेसनं, बडनेऱ्याहून. तिकीट जवाईबापूले काढायले सांग, खालची बर्थ पाहिजे म्हणा.

तुही आई