‘काकू, किती वाजता दुखतं?’

प्रिय डॉक्टरताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही घरी येऊन व्यायाम शिकवलेत, त्याची फी आम्ही दिली. पण आभार मानायचे राहून गेले. ते चारचौघांत मानावेत असं फार मनात होतं, म्हणून हे उघड पत्र.

पार्किन्सन्समध्ये हात थरथरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अंगही दुखतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं. इतक्या वर्षांनंतरही लोक आधी थरथरच शोधतात. माझा तर हात थरथरतच नव्हता. उजवा खांदा आखडला, अंबाडा घालता येईना, ब्लाउजचे हूक लागेनात. फ्रोझन शोल्डर समजून शेक, मलम, इंजेक्शन असं बराच काळ चाललं. पुढे निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, तरी दुखणं होतंच. “या वयात एवढं चालायचंच,” असं दवाखान्यातही ऐकलं आणि घरच्या कार्यातही. दुखतंय म्हणून सांगणाऱ्याला हे वाक्य किती एकटं पाडतं!

तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलंत, “काकू, किती वाजता दुखतं?” कुठे दुखतं ते सगळ्यांनी विचारलं होतं, वेळ कुणीच विचारली नव्हती. पुढच्या वेळी येताना तुम्ही दुरेघी वही घेऊन आलात. माझं अक्षर मुंगीएवढं झालं होतं. पहिलीच्या मुलांना जिच्यात अक्षरं गिरवायला लावण्यात माझी नोकरी गेली, त्या वहीत दोन रेघांच्या मध्ये लिहिलं की अक्षर पुन्हा वाचण्याजोगं येतं, हे मला शिक्षिका असून माहीत नव्हतं. एका बाजूला गोळीची वेळ लिहायची, दुसऱ्या बाजूला दुखण्याची.

पानं भरत गेली तसं चित्र दिसू लागलं. पहाटे, रात्रीच्या गोळीचा असर उतरला की उजव्या पायाचा अंगठा वर ताठायचा, बाकीची बोटं आत मुडपायची, पाऊल आतल्या बाजूला वळायचं आणि टाच टेकायची नाही. पोटरीत असा गोळा यायचा की ब्रह्मांड आठवायचं. सकाळची गोळी लागू पडली की तेच पाऊल सैल. दुपारी पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की मान आणि पाठ जखडायची. मेंदूतलं डोपामीन नावाचं रसायन कमी पडलं की स्नायू असे पिळवटतात, त्याला डिस्टोनिया म्हणतात, हे तुम्ही माझा पाय हातात धरून समजावलंत.

वही घेऊन आम्हाला न्यूरॉलॉजिस्टकडे तुम्हीच पाठवलंत. त्यांनी पान न पान पाहिलं आणि गोळ्यांचं वेळापत्रक बदललं: दिवसा थोडी थोडी मात्रा पण जास्त वेळा, आणि झोपताना सावकाश विरघळणारी एक. गोळी जेवणाआधी अर्धा तास, हेही तेव्हाच पक्कं झालं. वरण, पनीर, अंड्यातली प्रथिनं लेव्होडोपाच्या, म्हणजे माझ्या गोळीतल्या औषधाच्या, आड येतात.

दुखणं गेलेलं नाही. थंडीत खांदा अजून रडवतो. पण पहाट आता सोसवते, आणि मुख्य म्हणजे काय होतंय ते मला कळतं. उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतो तेव्हा तुम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करून दिलेला टाळांचा ठेका लावते आणि त्या तालावर पाऊल उचलते. आमच्या माळकरी घरातल्या बाईला हाच ताल चालेल, हे तुम्ही ओळखलंत. त्याचं मला फार अप्रूप वाटतं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचंही आता निदान झालं आहे. त्यांचाही खांदाच दुखतो. त्यांना मी दुरेघी वही आणून दिली आहे. चार-सहा पानं भरली की फोटो पाठवायला सांगते. वेळ काढून बघाल ना?

तुमची,
काकू