चालणं सोडलेली गोगलगाय

वाशी, नवी मुंबई

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार. काकूंचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडची ख्यालीखुशाली फोनवर सांगेन. हे पत्र मुद्दाम एका प्राण्यासाठी लिहितोय.

व्हर्मेटिड म्हणून समुद्री गोगलगायींचं एक कुळ आहे. पिल्लू असताना ती जरा रांगते, शंखही वेटोळ्याचाच. मग खडक, मेलेलं पोवळं, जहाजाचा पत्रा असं काही टणक मिळालं की शंखच त्याला चिकटवून टाकते आणि उरलेला जन्म तिथेच काढते. पुढे शंखाची वाकडीतिकडी नळी होते. पाहणाऱ्याला वाटावं, एखाद्या किड्याचं घर आहे.

मग ती खाते काय? वाशीगावच्या कोळ्यांची डोल आठव. जाळं एका जागी बांधायचं, मासळी पाणीच आणून घालतं. हिचंही तसंच. चालणं सुटलं तरी पाय वाया जात नाही. त्याच पायातल्या ग्रंथींतून चिकट धागे निघतात, त्यांचं जाळं पाण्यात पसरतं. बारीक कण आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, अडकले की जाळ्यासकट सगळं गिळायचं, की पुन्हा नवं जाळं. नर शुक्राणूंच्या पुड्या पाण्यात सोडतो, त्याही मादी जाळ्यातच पकडते. अंडी नळीच्या आत सांभाळते. जागेवरून न हलता इतका भरला संसार! मला तर या जिवाचा लळाच लागलाय.

पण जाळ्यांचा जाचही होतो. प्रशांत महासागरातल्या मूरिआ बेटाजवळ अशाच एका जातीच्या जाळ्यांखाली पोवळ्यांची वाढ खुंटलेली आढळली. फ्लोरिडात 2009 साली 'व्हँडेनबर्ग' हे जुनं जहाज मुद्दाम बुडवलं, समुद्री जिवांना आसरा व्हावा म्हणून. त्यावर एक अनोळखी व्हर्मेटिड सापडली. 2017 मध्ये तिला जहाजावरूनच नाव मिळालं, थायलॅकोडीस व्हँडिएन्सिस. तिचे सोयरे हिंद-प्रशांत महासागरातले, म्हणजे ती बहुधा जहाजांबरोबरच तिकडे पोचली असावी. यात तिला दोष देणं मला पटत नाही. वाहून नेणारे आपण. आणि भूमध्य समुद्रात डेंड्रोपोमा नावाच्या हिच्याच बहिणी नळीला नळी जोडून किनाऱ्यावर कट्टेच्या कट्टे बांधतात, त्यांच्या आधाराने कितीतरी जीव जगतात. ते कट्टे आता काही ठिकाणी मरू लागलेत, याचं मला फार वाईट वाटतं. न्हावा शेव्याला येणाऱ्या जहाजांच्या बुडाला काय काय चिकटून येत असेल, हे आपल्याकडेही नियमित तपासलं जायला हवं.

आपली खाडी पडली चिखलाची. सागर विहारच्या धक्क्याला कालवं दिसतात, पण ही शोधायची तर तुझ्या मालवणचे खडक बरे. ओहोटीला जाशील तेव्हा खडकाला चिकटलेल्या पांढुरक्या नळ्या बघ. एखादी मोडकी, रिकामी मिळाली तर आतून पाहा. गोगलगायीची नळी आतून गुळगुळीत, चकचकीत असते, किड्याची निस्तेज. जिवंत नळी मात्र उपटू नकोस. शेजारी नाणं ठेवून फोटो काढ आणि पाठव.

काकूंना नमस्कार, छोट्याला पापा.

तुझा,
अविनाश